आधी नमुना, मग गोळी

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय ३४. गेल्या वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ, घटकाघटकाला जावंसं वाटणं आणि ओटीपोटात दुखणं असा त्रास झाला. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं आणि बरं वाटलं. त्यानंतर दर वेळी घरात जपून ठेवलेल्या त्याच गोळ्या दोन दिवस घ्यायच्या आणि जळजळ थांबली की बंद करायच्या, असं चाललं. चौथ्या खेपेला दोन दिवस गोळ्या घेऊनही गुण आला नाही, तेव्हा लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायची तपासणी, केलं. अहवाल आला, 'जंतूंची वाढ नाही'. त्रास बहुतेक वेळा शरीरसंबंधानंतर एक-दोन दिवसांत सुरू होतो, म्हणून आता त्या नवऱ्याला टाळतात, पण कारण त्याला सांगितलेलं नाही. आपल्याच स्वच्छतेत कमी पडतंय असं वाटून दिवसातून तीनदा जंतुनाशक द्रावणाने धुतात. कामाच्या वेळात उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पितात. त्या विचारतात, "हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? की माझंच काही चुकतंय? आणखी जालीम अँटिबायोटिक मागून घेऊ का?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिला तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. हे मनाचे खेळ नाहीत. लघवीची जळजळ कुणी कल्पनेने आणू शकत नाही. आणि कल्चर कोरं का आलं, याचं कारण तुमच्याच पत्रात आहे : गोळ्या सुरू करून दोन दिवस झाल्यावर तुम्ही नमुना दिलात.

लॅबमध्ये काय करतात ते जरा जवळून पाहा. ठरावीक मापाची तारेची बारीक कडी लघवीत बुडवतात. तिच्यावर एका मिलिलिटरचा हजारावा भाग एवढीच लघवी येते. ती जंतूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर रेघोट्या ओढत पसरवतात आणि प्लेट शरीराच्या तापमानाला रात्रभर ठेवतात. जिथे एक जिवंत जंतू पडला, तिथे दुसऱ्या दिवशी नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका उगवतो. ठिपके मोजायचे, हजाराने गुणायचे, की एका मिलिलिटरमध्ये किती जंतू होते ते कळतं. शंभर ठिपके म्हणजे एक लाख जंतू. आता त्या कडीवरच्या लघवीत जंतूंबरोबर अँटिबायोटिकही आलेलं असेल, तर प्लेटवर उगवणार काय? सिप्रोफ्लॉक्सासिन लघवीत भरपूर उतरतं. अर्धमेले झालेले जंतू ठिपके तयार करत नाहीत. मूत्राशयात संसर्ग शिल्लक असतानाही प्लेट कोरी राहू शकते.

त्यात मोजणीचाही एक घोळ आहे. मिलिलिटरला एक लाखाच्या वर जंतू असले तरच संसर्ग, ही रेघ एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आली. त्यांनी पाहिलेल्या स्त्रिया एकतर किडनीच्या संसर्गाने आजारी होत्या किंवा त्यांना काहीच त्रास नव्हता. तुमच्यासारखी ऐन जळजळीत आलेली तरुण स्त्री त्या हिशेबात नव्हती. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या अशा स्त्रियांच्या मूत्राशयातली लघवी थेट काढून तपासली. तेव्हा मिलिलिटरला १०० जंतू असले तरी संसर्ग खरा असू शकतो असं दिसलं. वरच्या हिशेबाने १०० जंतू म्हणजे ठिपक्याचा दहावा भाग. नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसायचाच नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. काहीही त्रास नसलेल्या स्त्रीच्या लघवीत जंतू सापडू शकतात, आणि तिला बहुतेक वेळा औषध लागत नाही. म्हणून मधल्या चांगल्या दिवसांत "एकदा बघून तरी घेऊ" म्हणत कल्चर करत बसू नका. कोर्स संपून बरं वाटल्यावर पुन्हा तपासणीही लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत लक्षणं नसली तरी जंतू शोधून उपचार करतात.

आता स्वच्छतेकडे येते. खरं सांगायचं तर पत्राचा हाच भाग वाचताना मला सगळ्यात वाईट वाटलं. एवढी धुलाई तुम्ही शिक्षा भोगल्यासारखी करताय, आणि त्यामागचं गृहीतच मुळात चुकीचं आहे. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात चारपैकी सुमारे तीन वेळा ई. कोलाय हा जंतू सापडतो. तो बाहेरच्या घाणीतून येत नाही, आपल्याच आतड्यात राहतो, आणि कितीही नीटनेटक्या माणसाच्या त्वचेवर गुदद्वाराच्या आसपास असतोच. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. एवढ्या एका फरकामुळे हा आजार स्त्रियांच्या वाट्याला कितीतरी जास्त येतो. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होतो. हे जंतू आत शिरले की अंगावरच्या केसासारख्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट धरून बसतात. बाहेरून ओतलेलं द्रावण तिथवर पोचत नाही.

ते पोचतं योनीमार्गाच्या तोंडाशी, आणि तिथे नुकसान करतं. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे आपल्या बाजूचे जंतू असतात. ते आम्ल तयार करून ई. कोलायला पाय रोवू देत नाहीत. जंतुनाशक द्रावणाला आपला-परका कळत नाही. शिवाय दिवसातून तीनदा असं काही लावल्यावर त्वचा सोलवटते आणि तिच्यावरून लघवी गेली की झोंबते. तुमची चौथ्या खेपेची जळजळ काही अंशी यामुळेही असू शकेल. आजपासून ते बंद करा. आंघोळीच्या वेळी साधं पाणी पुरेसं आहे, आणि आत काही घालून धुवायचं नाही. पुढून मागे पुसण्याची सवय चांगली, ती सोडू नका. पण अभ्यासांत तिच्यामुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गात ठळक फरक पडलेला दिसलेला नाही. तेव्हा "मी नीट पुसलं नसेल" हा दोषही स्वतःवर घेऊ नका.

जळजळ नेमकी कुठे होते, याकडेही लक्ष द्या. आतून, मूत्रमार्गात जळतं, सारखी लागते, थोडीशीच होते, आणि योनीतून स्राव किंवा खाज अजिबात नाही, असं असेल तर तो मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर झोंबतं, खाज आहे, पांढरा किंवा वास येणारा स्राव आहे, अशा वेळी बुरशी, योनीमार्गाचा दाह किंवा क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग यांचा विचार व्हायला हवा. त्यांची औषधं वेगळी. बुरशी असताना अँटिबायोटिक घेतलं तर ती आणखी माजते. ओटीपोटात महिनोन्महिने दुखतं, लघवी साठली की वाढतं आणि केल्यावर हलकं होतं, आणि नीट घेतलेली कल्चर्स दर वेळी कोरी येतात, तर तो जंतूंशी संबंध नसलेला मूत्राशयाचा दुखरेपणा असू शकतो. हे सगळं एकाच गोळीने सुटणारं नाही, आणि तुमच्या डब्यातल्या गोळीने तर नाहीच.

त्या गोळीबद्दल थोडं कडक बोलते. दोन दिवस गोळी घ्यायची आणि जळजळ थांबली की सोडायची, यात नाजूक जंतू मरतात आणि चिवट मागे उरतात. पुढच्या खेपेला त्याच चिवटांवर तीच गोळी. चौथ्या वेळी गुण आला नाही तो कदाचित याचमुळे, नक्की सांगता येत नाही, कारण जंतू कोणता आणि त्याला काय लागू पडतं हे चारपैकी एकाही वेळी कळलेलंच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाबद्दल स्पष्ट इशारा दिला : स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे, सांधे आणि नसा यांना होऊ शकणारी इजा पाहता, साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असताना ही औषधं वापरू नयेत. म्हणजे जालीम औषध तुम्ही आधीच घेताय. तुम्हाला हवंय ते नेमकं औषध.

साध्या मूत्राशय-संसर्गासाठी पहिल्या पसंतीची औषधं जुनी आणि मोजकी आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन, साधारण पाच दिवस. फॉस्फोमायसिन, तीन ग्रॅमचा एकच डोस. आणि जंतू दाद देत असतील तर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्साझोल, तीन दिवस. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, पण शरीराच्या इतर भागांत फारसं पोचत नाही. मूत्राशयासाठी हे उत्तम, पण संसर्ग किडनीत चढला असेल तर ते चालत नाही. किडनीचं काम बरंच कमी झालेलं असेल तरीही नाही. तुम्हाला यांतलं कोणतं, हे डॉक्टरांनी तुमची ॲलर्जी, इतर औषधं आणि कल्चर पाहून ठरवायचं. लघवी अल्कधर्मी करणारी सरबतासारखी औषधं अनेक जणी घेतात. त्यांनी संसर्ग बरा होतो याला चांगला पुरावा नाही, आणि नायट्रोफ्युरँटॉइन तर आम्ल लघवीत जास्त चांगलं काम करतं. ही दोन्ही एकत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी नमुना द्यायचा. या सगळ्यातली एवढी एक गोष्ट तुम्ही केलीत, तरी पुढचा मार्ग मोकळा होईल. नमुना घेण्याची रीतही सांगते, कारण लॅबमध्ये डबी हातात देतात आणि बऱ्याचदा कुणी नीट समजावत नाही. हात धुवा. डबीचं झाकण उघडून उताणं ठेवा, आतून बोट लावू नका. एका हाताने भगोष्ठ, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या त्वचेच्या घड्या, बाजूला धरा आणि ते शेवटपर्यंत सोडू नका. पहिली धार जाऊ द्या. ती मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले जंतू घेऊन जाते. धार न थांबवता मधली लघवी डबीत धरा आणि उरलेली पुन्हा सोडून द्या. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. तसं जमणार नसेल तर तोवर फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर डबीतच जंतू वाढतात आणि अहवाल फसवतो. शक्य झालं तर लघवी मूत्राशयात चारेक तास साठल्यावर द्या. लघवीत पट्टी बुडवून करायच्या झटपट तपासणीत नायट्राइट, म्हणजे जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ, दिसायला तेवढा वेळ लागतो. अर्थात जळजळीत चार तास थांबणं अवघड असतं, जमेल तेवढं करा. पट्टीवर नायट्राइट नाही म्हणून संसर्ग नाही असंही धरू नका, कारण काही जंतू ते तयारच करत नाहीत.

नमुना देऊन झाला की गोळी लगेच सुरू करायला हरकत नाही, अहवालासाठी दोन दिवस तळमळत बसायची गरज नाही. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांसाठी डॉक्टर अशी सोय करून देतात : डबी आणि योग्य औषधाचा एक पूर्ण कोर्स घरात ठेवायचा, लक्षणं आली की नमुना आधी, मग औषध, आणि अहवाल आल्यावर गरज असेल तर बदल. तुम्ही वर्षभर करत होतात त्याच्याशी हे वरवर मिळतंजुळतं वाटेल, पण इथे औषध निवडलेलं असतं, कोर्स पुरा होतो आणि जंतूचं नाव कळतं. डॉक्टरांकडे हे मागायला संकोच करू नका.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि तुम्ही त्यात बसता. तेव्हा टाळण्याचाही विचार करायला हवा. मी तुमच्या जागी असते तर सुरुवात पाण्यापासून केली असती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी-पेय घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. एवढा फरक नुसत्या पाण्याने! कामाच्या वेळात उठावं लागतं ही अडचण मी कमी लेखत नाही. पण तासन्‌तास लघवी तुंबवून ठेवणं म्हणजे जंतूंना वाढायला निवांत वेळ देणं. दर तीन-चार तासांनी उठायचंच, असं ठरवून टाका. (हृदयाचा किंवा किडनीचा विकार असून पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी हा सल्ला परस्पर अमलात आणू नये.)

क्रॅनबेरीबद्दल बरंच बोललं जातं. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला दिसला. झालेला संसर्ग मात्र तिने बरा होत नाही. डी-मॅनोज या साखरेची पूड २०२४ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरली नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. मेथेनामाइन हिप्युरेट हे अँटिबायोटिक नसलेलं औषध २०२२ मध्ये ब्रिटनमध्येच रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं आढळलं. डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. रोज छोट्या डोसात महिनोन्महिने अँटिबायोटिक घेणं हा शेवटचा पर्याय. त्याने त्रास थांबतो खरा, पण बंद केल्यावर अनेकींना पुन्हा होतो, आणि तोवर जंतू औषधाला सरावण्याचा धोका असतो.

राहिला तुमच्या नवऱ्याचा विषय. मूत्राशयाचा संसर्ग हा लैंगिक आजार नाही. त्यांनी तो तुम्हाला दिलेला नाही, तुम्ही त्यांना देणार नाही, आणि त्यांना औषधाची गरज नाही. संबंधाच्या वेळी होणाऱ्या घर्षणाने तुमच्याच त्वचेवरचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढंच. पण एक गोष्ट तपासा : शुक्राणुनाशक जेली किंवा ते लावलेले निरोध वापरता का? नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक मघाशी सांगितलेल्या चांगल्या जंतूंना मारतं आणि संसर्गाचा धोका स्पष्टपणे वाढवतं. वापरत असाल तर दुसरं गर्भनिरोधक निवडा. संबंधानंतर लगेच लघवी करून येण्याचा पुरावा भक्कम नाही, पण तोटाही काही नाही. तरीही दर वेळी त्यानंतरच त्रास होत असेल, तर फक्त त्या वेळी घ्यायचा अँटिबायोटिकचा एकच डोस हा मान्यताप्राप्त उपाय आहे. रोजच्या गोळीपेक्षा तुमच्यासाठी मला तो जास्त योग्य वाटतो.

आणि त्यांना सांगा. तुम्ही दूर होताय एवढं त्यांना दिसतंय, कारण मात्र माहीत नाही. त्या रिकाम्या जागेत माणूस नको ते भरतो. अवघड वाटत असेल तर एवढ्यावरच सुरुवात करा : "मला संबंधानंतर लघवीचा त्रास होतो, चार वेळा झालाय, मी भीतीने टाळत होते, तुम्हाला टाळत नव्हते." डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन गेलात तर शुक्राणुनाशकाचं आणि औषधाचं बोलणं तिथेच उरकेल.

तुमच्यासारखं पत्र लिहिण्याच्या विचारात असलेल्या इतरांसाठीही थोडं. पाळी गेल्यानंतर संसर्ग वारंवार होऊ लागले असतील तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन मलम खूप उपयोगी पडतं. त्या वयाच्या स्त्रियांना ते अनेकदा कुणी सुचवतच नाही, म्हणून स्वतःहून विचारा. पुरुष, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांचा मूत्रसंसर्ग घरच्या घरी हाताळायचा नाही. कल्चरमध्ये वारंवार प्रोटियस हा जंतू येत असेल तर मूतखडा शोधायला हवा, कारण तो लघवी अल्कधर्मी करून खडे बनवतो. लघवीतलं रक्त संसर्गात दिसू शकतं. संसर्ग बरा होऊनही ते राहिलं, किंवा न दुखता दिसलं, तर वय काहीही असो, पुढची तपासणी टाळू नका.

आणि तुम्ही स्वतः एवढं लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, यांतलं काहीही जळजळीसोबत आलं तर संसर्ग किडनीपर्यंत गेला असू शकतो. तेव्हा वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पाळी चुकली असेल तर औषध घेण्याआधी तेही सांगायचं. आज त्रास नसेल तर उरलेल्या गोळ्यांची पाकिटं डब्यातून काढून टाका, लॅबमधून एक निर्जंतुक डबी आणून ठेवा, आणि डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना चार खेपांच्या तारखा, घेतलेली औषधं आणि तो कोरा अहवाल, सगळं सोबत न्या, आणि नमुना गोळ्या घेतल्यानंतर दिला होता हे त्यांना आवर्जून सांगा.